मनोव्यापारांचा शोधक : आबे फारिया

मालवणच्या किनाऱ्यावर सायंकाळी उभे राहून समुद्राकडे पाहणाऱ्या माणसाला कधी कधी एक विलक्षण अनुभव येतो. मासेमारीस गेलेल्या आपल्या माणसाची वाट पाहत तो उभा असला, म्हणजे क्षितिजावरचा प्रत्येक काळा ठिपका त्याला आपल्याच होडीसारखा भासू लागतो. खडकावर लाट फुटली, तरी वल्ह्याचा आवाज आला असे त्याला वाटते. त्याच्या शेजारी जो सहज फिरावयास आलेला असतो, त्याला मात्र तेथे पाणी आणि मावळता प्रकाश यांखेरीज काहीच दिसत नाही. समुद्र एकच, प्रकाश एकच, आणि दोघांचेही डोळे निरोगी. मग दोघांच्या पाहण्यात एवढे अंतर का पडावे? डोळ्यांना दिसते ते खरे, की मनाला वाटते ते खरे?

हा प्रश्न वरवर साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर शोधण्यात अनेक विद्वानांनी आपली आयुष्ये वेचली आहेत. मनुष्याला बाह्य जगाचे ज्ञान कसे होते, त्यात इंद्रियांचा वाटा किती आणि मनाचा किती, हे शोधणाऱ्या शास्त्राला मानसशास्त्र म्हणतात. हे शास्त्र जन्मास येण्यापूर्वीच त्याची एक वाट ज्यांनी दाखवून दिली, त्यांत एक पुरुष आपल्या शेजारच्याच भूमीतील होता. त्याचे नाव जुझे कुस्तोदिओ द फारिया. फ्रेंच भाषेत धर्मगुरूला आबे म्हणतात. म्हणून जग त्यांना आबे फारिया या नावाने ओळखते.

मालवणहून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे निघाले, म्हणजे वेंगुर्ले, शिरोडा, रेडी ही गावे एकामागून एक मागे पडतात आणि तेरेखोलची खाडी लागते. खाडीपलीकडे पेडण्याचा मुलूख आहे. तो ओलांडून शापोरा नदी पार केली, की गोमंतकातील बार्देस प्रांत सुरू होतो. तेच माड, तीच तांबडी माती, तीच भातशेती आणि तोच समुद्र. या बार्देसातील कांदोळी नावाच्या गावी इ. स. १७५६ च्या मे महिन्यात जुझेचा जन्म झाला. गोमंतकावर त्या वेळी पोर्तुगीजांचे राज्य होते. फारिया घराण्याचा मूळ पुरुष अनंत शेणवी नावाचा सारस्वत ब्राह्मण होता, आणि सोळाव्या शतकात त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, असे सांगतात.

जुझेचे वडील कायतान व्हितोरिन हे कोलवाळ गावचे, तर आई रोझा मारिया ही कांदोळीची. वडील मोठे बुद्धिमान आणि महत्त्वाकांक्षी होते. परंतु पतिपत्नींचे पटले नाही. काही वर्षांनी धर्मपीठाच्या संमतीने दोघे विभक्त झाली. वडिलांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली. आई जुन्या गोव्यातील सांता मोनिका या मठात जोगीण होऊन राहिली. अशा रीतीने लहान वयातच जुझेचे घर मोडले. मातेच्या मायेला तो पारखा झाला, आणि यापुढे वडील हेच त्याचे एकमेव आधारस्थान उरले.

आपला मुलगा मोठा विद्वान व्हावा, अशी कायतान यांची उत्कट इच्छा होती. त्या काळी गोमंतकात उच्च शिक्षणाची सोय नव्हती, आणि एतद्देशीय माणूस कितीही गुणी असला, तरी त्याला मोठी अधिकारपदे सहसा मिळत नसत. म्हणून इ. स. १७७१ च्या फेब्रुवारी महिन्यात पितापुत्र जहाजाने पोर्तुगालकडे निघाले. जुझेला तेव्हा पंधरावे वर्ष चालू होते. त्या वेळी सुएझचा कालवा नव्हता. युरोपला जाणारे जहाज आफ्रिका खंडाला वळसा घालून जात असे. वारा असेल तेव्हा जहाज चालावे, वारा पडला की त्याने जागच्या जागी डोलत राहावे, असा तो प्रवास. नऊ महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, ते लिस्बन शहरी पोहोचले. कांदोळीचा किनारा जुझेच्या दृष्टीआड झाला तो कायमचाच. पुन्हा त्याला मातृभूमीचे दर्शन घडले नाही.

लिस्बनहून दोघे रोमला गेले. तेथील प्रसिद्ध धर्मविद्यालयात जुझेने तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र यांचा कसून अभ्यास केला. इ. स. १७८० मध्ये त्याला धर्मगुरूची दीक्षा मिळाली, आणि त्याच वर्षी धर्मशास्त्रातील आचार्य ही पदवीही त्याने संपादन केली. चौदापंधरा वर्षांचा असताना घर सोडलेला मुलगा चोविसाव्या वर्षी विद्वान होऊन लिस्बनला परतला.

या काळातील एक आख्यायिका गोमंतकात आजही सांगितली जाते. पोर्तुगालची राणी पहिली मारिया हिच्यासमोर राजवाड्यातील प्रार्थनामंदिरात प्रवचन करण्याचा मान तरुण फारियांना मिळाला. ते व्यासपीठावर चढले. समोर राणी, तिचे सरदार, मोठमोठे धर्माधिकारी आणि भरजरी पोशाख केलेल्या स्त्रिया बसलेल्या होत्या. तो थाट पाहून फारियांचे मन दडपून गेले. पाठ केलेले शब्द आठवेनात. घशाला कोरड पडली. सभेत चुळबूळ सुरू झाली. तेवढ्यात व्यासपीठाच्या पायथ्याशी बसलेल्या वडिलांनी हळूच कोकणी भाषेत मुलाला सुचविले, की समोर दिसते ती सगळी नुसती भाजी आहे. ती खुशाल कापावयास लाग. ते घरगुती शब्द कानी पडताच फारियांची भीती कोठल्या कोठे पळाली आणि त्यांची वाणी अस्खलित वाहू लागली. मालवणी बोलणाऱ्या मुलालाही तो कोकणी संदेश सहज समजला असता. दरबारातील एकाही सरदाराला मात्र त्यातले अक्षर कळले नसेल.

आख्यायिकेतील प्रत्येक तपशील खराच असतो असे नाही. परंतु या कथेतील मर्म मोठे अर्थपूर्ण आहे. समोरची सभा बदलली नव्हती. राणी राणीच होती आणि सरदार सरदारच होते. बदलली होती ती पाहणाऱ्याची दृष्टी, आणि ती बदलण्यास एक लहानशी सूचना पुरेशी झाली होती. असे का व्हावे, हाच प्रश्न पुढे फारियांच्या संशोधनाचा गाभा ठरला.

इ. स. १७८७ मध्ये गोमंतकात एक मोठी घटना घडली. एतद्देशीय धर्मगुरू आणि सैनिक यांना मिळणाऱ्या दुजाभावाच्या वागणुकीने असंतोष वाढला होता. त्यातून पोर्तुगीज सत्ता उलथून टाकण्याचा कट रचला गेला. कांदोळीच्या पिंटो घराण्यातील माणसे त्यात असल्यामुळे तो पिंटोंचा कट या नावाने ओळखला जातो. कट फुटला. पुष्कळांना कैद झाली आणि १७८८ मध्ये पंधरा जणांना पणजीत देहान्त शासन देण्यात आले. लिस्बनमध्ये राहणाऱ्या कायतान फारियांचा या कटाशी संबंध असावा, असा सरकारला संशय आला. पुत्राने त्याच वर्षी लिस्बन सोडून पॅरिसचा रस्ता धरला.

फारिया पॅरिसला पोहोचले आणि वर्षभरातच, १७८९ मध्ये, तेथे राज्यक्रांतीचा भडका उडाला. त्या वादळी दिवसांत फारियाही स्वस्थ बसले नाहीत. १७९५ मध्ये क्रांतिकारी सरकारविरुद्ध जो उठाव झाला, त्यात त्यांनी भाग घेतला होता. परंतु त्यांचे खरे कार्यक्षेत्र रणांगण नव्हते. पॅरिसमध्ये त्या काळी एका नव्या विद्येची चर्चा घरोघर चालू होती, आणि तिने फारियांचे लक्ष वेधून घेतले.

ही विद्या फ्रांझ मेस्मर नावाच्या डॉक्टराने व्हिएन्नाहून १७७८ मध्ये पॅरिसला आणली होती. सर्व विश्वात एक अदृश्य चुंबकीय द्रव भरून राहिला आहे. शरीरात त्याचा प्रवाह अडला की रोग होतो, आणि आपण हात फिरवून तो प्रवाह मोकळा करतो, असे मेस्मर सांगत असे. त्याच्याकडे रोग्यांची रीघ लागली. कोणी थरथरत, कोणी बेशुद्ध पडत, आणि शुद्धीवर आल्यावर पुष्कळांना आराम वाटे.

इ. स. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने या प्रकाराची चौकशी करण्यासाठी विद्वानांची समिती नेमली. प्रसिद्ध अमेरिकन शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन आणि थोर रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए हे तिचे सभासद होते. फ्रँकलिन यांच्या बागेत एक प्रयोग करण्यात आला. तेथील एका झाडात चुंबकीय द्रव भरल्याचे मेस्मरच्या अनुयायाने जाहीर केले. मग सुमारे बारा वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्यांना पट्टी बांधून त्याला एकेका झाडाजवळ नेण्यात आले. ते झाड कोणते, हे मुलाला ठाऊक नव्हते. पहिल्या झाडापाशीच त्याला घाम सुटला आणि चौथ्या झाडाजवळ तर तो बेशुद्ध पडला. वस्तुतः ज्या झाडात द्रव भरला होता म्हणत, ते अद्याप दूरच होते! द्रव वगैरे काही नाही. हा सारा कल्पनेचा खेळ आहे, असा निर्णय समितीने दिला.

समितीचा निर्णय अचूक होता. परंतु तेवढ्याने कोडे सुटले नव्हते. केवळ कल्पनेने एक धडधाकट मुलगा बेशुद्ध पडतो, तर ही कल्पना म्हणजे आहे तरी काय? ती शरीरावर एवढी सत्ता कशी गाजविते? या प्रश्नाकडे समितीने लक्ष दिले नाही. फारियांनी नेमका तोच प्रश्न हाती घेतला.

प्रारंभी फारियाही या विद्येच्या मोहात पडले होते. मेस्मरचा शिष्य मार्की द प्युइसेगूर याच्याशी त्यांचा परिचय झाला होता. या प्युइसेगूरने १७८४ मध्येच एका तरुण शेतकऱ्याला एका आगळ्या निद्रेत नेले होते. त्या निद्रेत मनुष्य चालतो, बोलतो, प्रश्नांना उत्तरे देतो. परंतु जागा झाल्यावर त्याला त्यांतले काही आठवत नाही. प्रसिद्ध फ्रेंच साहित्यिक शातोब्रियाँ यांनी आपल्या आठवणींत फारियांची एक फजिती नमूद केली आहे. एका भोजनप्रसंगी आपण एका कॅनरी पक्ष्याला केवळ आपल्या शक्तीने मारू शकतो, असे फारिया बोलून गेले. प्रयोग झाला, पण पक्षी सुखरूप राहिला आणि आबेंनाच तेथून काढता पाय घ्यावा लागला. असे प्रसंग मनुष्याला एक तर हट्टी बनवितात, नाही तर विचारी बनवितात. फारियांनी पुढे जो सिद्धान्त मांडला, त्यात प्रयोग करणाऱ्याच्या अद्भुत शक्तीला मुळीच स्थान नव्हते.

इ. स. १८११ मध्ये त्यांना मार्सेय या बंदराच्या शहरी तत्त्वज्ञानाच्या अध्यापकाची जागा मिळाली. तेथील वैद्यकीय मंडळानेही त्यांना आपले सभासद करून घेतले. पुढील वर्षी ते नीम या गावी शिकविण्यास गेले. परंतु तेथे त्यांचे मन रमले नाही. १८१३ मध्ये ते पॅरिसला परतले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात क्लिशी रस्त्यावरील एका घरात त्यांनी आपली जाहीर व्याख्याने सुरू केली. त्यांचा विषय होता सजग निद्रा.

उंचेपुरे शरीर, सावळा वर्ण आणि भेदक डोळे असलेले हे पन्नाशी उलटलेले धर्मगुरू परक्या धाटणीच्या फ्रेंच भाषेत आपला विषय समजावून देत. त्यांची पद्धत अगदी साधी होती. ते समोरच्या व्यक्तीला आरामात खुर्चीवर बसवीत. डोळे मिटून केवळ झोपेवर चित्त एकाग्र करावे, असे तिला सांगत. ती शांत झाली, म्हणजे धीरगंभीर आवाजात ते तिला झोपी जाण्याची आज्ञा देत. तेवढ्याने काम झाले नाही, तर आपला उघडा तळहात तिच्या डोळ्यांसमोर धरून तिला त्याकडे टक लावून पाहण्यास सांगत आणि हात हळूहळू जवळ आणीत. लोहचुंबक नाही, मंत्र नाही, अंगावरून हात फिरविणे नाही. तरीही काही जण थोड्याच वेळात त्या आगळ्या निद्रेत जात.

त्या अवस्थेत जे घडे, ते पाहून प्रेक्षक चकित होत. साधे पाणी देऊन ते मद्य आहे असे सुचविले, की त्या व्यक्तीला मद्याची चव लागे. हात जड झाला आहे असे सांगितले, की तो उचलता येत नसे. आणि उलट सूचना मिळताच सर्व पूर्ववत होई. जागे झाल्यावर अमुक एक गोष्ट करावयाची, असे निद्रेत सांगून ठेवले, तर जागी झालेली व्यक्ती ती गोष्ट करी. पण आपण ती का करीत आहोत, हे तिला सांगता येत नसे.

येथे क्षणभर थांबून विचार करावयास हवा. पाण्यात मद्याचा थेंबही नव्हता. जिभेवर पाणीच होते. मग चव आली कोठून? फारियांनी यावरून असे अनुमान काढले, की चव, स्पर्श आणि दृश्य यांचे ज्ञान इंद्रियांच्या द्वारा होत असले, तरी त्या ज्ञानाला रूप देण्याचे काम मन करते. मनाची एखाद्या गोष्टीविषयी दृढ खात्री पटली, की ते इंद्रियांचा निरोपही बदलून टाकू शकते. किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्याला रिकाम्या समुद्रात होडी दिसते, ती अशा मनामुळेच.

फारियांचा सर्वांत मोठा विचार मात्र याच्याही पुढचा होता. त्यांनी स्पष्ट सांगितले, की ही निद्रा आणणारी शक्ती प्रयोग करणाऱ्यात नसते; ती प्रयोगास बसणाऱ्याच्या स्वतःच्या मनात असते. प्रयोगकर्ता केवळ निमित्त होतो. आपल्या म्हणण्यास पुरावा म्हणून ते एक निरीक्षण पुढे मांडीत. सर्वच माणसे अशा निद्रेत जात नाहीत; थोडीच जातात. शक्ती जर प्रयोगकर्त्याची असती, तर तिचा प्रभाव सर्वांवर सारखाच पडावयास हवा होता. सूर्याचे ऊन निवडक माणसांनाच का लागते, असा प्रश्न कोणाला पडत नाही. कारण ते सर्वांनाच लागते.

आपल्या अंगी दैवी शक्ती आहे असे फारियांनी मिरविले असते, तर पॅरिसमधील श्रीमंतांनी त्यांना डोक्यावर घेतले असते. त्यांच्या भोवती तशी माणसे कमी नव्हती. परंतु स्वतःचा मोठेपणा आणि सत्य यांत निवड करण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी सत्य निवडले. आपल्या अंगी काही नाही, जे आहे ते तुमच्याच मनात आहे, हे सांगण्यास धैर्य लागते. या धैर्याची त्यांना जबर किंमत मोजावी लागली.

चुंबकीय द्रव मानणारे त्यांच्यावर रुष्ट झाले. कारण त्यांच्या मताचा पायाच फारियांनी उखडला होता. काही धर्मनिष्ठांना या प्रयोगांत सैतानाचा हात दिसला. आणि ज्यांना कशाचेच सोयरसुतक नव्हते, त्यांनी सारा प्रकार हसण्यावारी नेला. एके दिवशी एक नट प्रयोगास बसला. त्याने झोपेचे हुबेहूब सोंग आणले आणि ऐन रंगात डोळे उघडून भर सभेत फारियांची टर उडविली. १८१६ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर या विद्येची थट्टा करणारे एक प्रहसन आले. लोक पोट धरधरून हसले. पूर्वी ज्या सभागृहात जागा मिळत नसे, ते ओस पडले.

एका नटाने सोंग आणले, म्हणून शेकडो खरे अनुभव खोटे ठरत नाहीत. परंतु उपहासाच्या लाटेपुढे युक्तिवाद टिकत नाही. फारियांनी व्याख्याने बंद केली. उपजीविकेसाठी त्यांनी पॅरिसमधील एका आश्रमात धर्मगुरूचे साधे काम पत्करले. वय साठ झाले होते. जवळ पैसा नव्हता, आप्त नव्हते, मातृभूमी हजारो कोस दूर होती. दुसरा एखादा निराश होऊन गप्प बसला असता. फारियांनी लेखणी हाती घेतली.

आपल्या साऱ्या निरीक्षणांचा आणि विचारांचा त्यांनी एक ग्रंथ लिहावयास घेतला. सजग निद्रेचे कारण आणि मानवी स्वभावाचा अभ्यास हा त्याचा विषय होता. ज्या प्युइसेगूरच्या मताचे त्यात खंडन होते, त्यालाच त्यांनी तो आदरपूर्वक अर्पण केला. मतभेद असला तरी गुरुजनांचे ऋण विसरू नये, हा त्यांचा संस्कार होता. या ग्रंथातील सर्वच विधाने आज खरी मानली जात नाहीत. ज्यांचे रक्त पातळ असते, त्यांना अशी निद्रा लवकर लागते, असे त्यांनी लिहिले आहे. ते पुढे टिकले नाही. थोर संशोधकाच्याही हातून चुका होतात. त्याने दाखविलेली दिशा बरोबर होती की नाही, हेच शेवटी महत्त्वाचे ठरते.

ग्रंथाचा पहिला खंड १८१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आणखी खंड लिहिण्याचा त्यांचा संकल्प होता. परंतु तो अपुराच राहिला. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, पॅरिस येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या थडग्यावर नावाचा दगडही बसविला गेला नाही.

परंतु बीज सकस असेल, तर ते उशिरा का होईना, रुजतेच. फारियांच्या सभेला नुआझे नावाचा एक तरुण फ्रेंच सैनिकी अधिकारी येत असे. त्याने त्यांच्या प्रयोगांचा वृत्तान्त लिहून ठेवला. १८४३ मध्ये मँचेस्टरचे शल्यवैद्य जेम्स ब्रेड यांनी याच निद्रेला हिप्नॉटिझम हे नाव दिले. मराठीत त्यालाच संमोहन म्हणतात. ब्रेड यांनीही चुंबकीय द्रवाची कल्पना नाकारली. १८४५ मध्ये बंगालमधील हुगळी येथे एस्डेल नावाच्या स्कॉटिश डॉक्टराने, भूल देण्याची औषधे प्रचारात येण्यापूर्वी, रोग्यांना अशा निद्रेत नेऊन शस्त्रक्रिया केल्या. पुढे फ्रान्समधील नान्सी शहरी लिएबो आणि बेर्नहाइम या डॉक्टरांनी सिद्ध केले, की संमोहनाचे मूळ सूचनेत आहे. या सिद्धान्ताचा पहिला मान फारियांकडे जातो, हे बेर्नहाइम यांनी मोकळ्या मनाने मान्य केले.

गोमंतकाचे सुपुत्र डॉ. दालगादु यांनी १९०६ मध्ये फ्रेंच भाषेत फारियांचे चरित्र लिहून त्यांची स्मृती जागविली. १९४९ मध्ये ज्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्या एगास मोनिझ या पोर्तुगीज शास्त्रज्ञानेही १९२५ मध्ये त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. साहित्यातही त्यांचे नाव निराळ्या रीतीने अमर झाले. अलेक्झांडर द्यूमा या फ्रेंच कादंबरीकाराने मार्सेयजवळच्या बेटावरील तुरुंगात खितपत पडलेल्या एका ज्ञानी धर्मगुरूचे पात्र रंगविले आणि त्याला फारिया हे नाव दिले. त्या पात्राचा जीवनक्रम कल्पित आहे. पण अंधाऱ्या कोठडीतही ज्ञानाचा दिवा विझू न देणारा तो वृद्ध खऱ्या फारियांना शोभेल असाच आहे.

आज संमोहनाचा उपयोग तज्ज्ञ डॉक्टर वेदना आणि भीती कमी करण्यासाठी करतात. तो करमणुकीचा किंवा मुलांनी करून पाहण्याचा विषय नव्हे. मेंदूच्या कार्याचे चित्र घेणारी यंत्रे आल्यापासून तर फारियांच्या विचाराला नवाच आधार मिळाला आहे. २००० साली अमेरिकन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. संमोहनास अनुकूल अशा आठ व्यक्तींना राखाडी आकृती दाखवून ती रंगीत आहे, असे संमोहनावस्थेत सुचविण्यात आले. तेव्हा मेंदूतील रंग ओळखणारे भाग जागृत झालेले आढळले. क्लिशी रस्त्यावरील सभागृहात फारियांनी जे मांडले होते, त्याचेच हे जणू प्रत्यंतर होय.

पणजीस मांडवी नदीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या बाजूला, फारियांचा भव्य ब्राँझचा पुतळा उभा आहे. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी तो घडविला आणि १९४५ मध्ये त्याची स्थापना झाली. संमोहित होऊन मागे कलणारी एक स्त्री आणि तिच्यावर दोन्ही हात पसरून उभे असलेले आबे फारिया, असे ते शिल्प आहे. पाहणाऱ्याला प्रथम वाटते, की त्या हातांतून काही अद्भुत शक्ती बाहेर पडत असावी. ज्याला त्यांचे चरित्र ठाऊक आहे, त्याला मात्र उमगते, की तसे वाटणे हाही आपल्याच मनाचा खेळ आहे, आणि हेच तर सांगण्यासाठी त्या पुरुषाने जगाचा उपहास सोसला.

कांदोळीहून निघालेल्या त्या मुलाने सातासमुद्रांपलीकडे जाऊन कोणता मुलूख जिंकला नाही की संपत्ती मिळविली नाही. माणसाच्या मनात दडलेला एक अज्ञात प्रदेश तेवढा त्याने शोधून काढला, आणि त्याची मालकी स्वतःकडे न ठेवता ज्याची त्याला परत देऊन टाकली.